शून्य ओहमचं अर्थिंग, दोनशे मीटरचा पल्ला

चार टूरिंग मोटरसायकलींचा ठाण्यातला एक गट. दोन गाड्या घोडबंदर रोडच्या, एक कळव्याची, एक ऐरोलीची. जूनच्या सुरुवातीला चौघांनी एकाच मॉडेलचे सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ बसवून घेतले. टँकबॅगेत ४ वॉटचा छोटा संच, मागच्या कॅरियरच्या डाव्या बाजूला १.२ मीटरचा फायबरग्लासचा अँटेना, हेल्मेटमध्ये स्पीकर आणि माइक, डाव्या हँडलवर बोलण्याचं बटण. माजिवड्याहून रांजणोली, दुर्गाडी, कल्याण, मुरबाड करत माळशेजकडे जाताना तीन गाड्या एकमेकींशी दीड-पावणेदोन किलोमीटरवरून स्वच्छ बोलत होत्या. ऐरोलीच्या गाडीपासून मात्र बाकीचे दोनशे मीटर पुढे गेले, की तिच्या चालकाच्या कानात नुसती खरखर.

बसवून देणाऱ्या फिटरने सांगितलं, ‘सेट गेलाय.’ सेट बदलला, खरखर तशीच. मग अँटेना बदलायचा बेत सुरू झाला आणि तिथे थांबून गाडी नीट तपासायचं ठरलं. शेवटी निघालं ते असं: संच ठीक होता, अँटेना ठीक होता, दोष गाडीतच होते आणि ते एकावर एक चढलेले होते. त्यातला सर्वांत मोठा दोष मल्टिमीटरला दिसतच नव्हता.

खरं तर एका सोप्या चाचणीत पहिल्याच दिवशी दिशा मिळाली असती. संशयित संच काढून शेजारच्या चांगल्या गाडीला लावायचा आणि तिचा इकडे. दोष संचासोबत गेला तर संच, गाडीपाशी राहिला तर गाडी. याला दहा मिनिटं लागतात आणि एक पैसाही लागत नाही.

गाडीची माहितीही सुरुवातीला कुणी लिहून काढली नव्हती. चारशे सीसीच्या आसपासचं एक सिलिंडरचं इंजिन, पावडर कोटिंग केलेलं स्टीलचं कॅरियर, अ‍ॅल्युमिनियमचे दोन साइड बॉक्स, पुढे दोन एलईडी जोडदिवे, हँडलवर मोबाइलसाठी यूएसबी चार्जर. बाकी तिघांकडे जोडदिवे नव्हते. चार गाड्यांत वेगळं काय आहे, हा प्रश्न कागदावर मांडला की अर्धा शोध तिथेच होतो.

आधी कायद्याची चौकट, कारण चॅनल निवडताना ती लागते

भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, ५ वॉटच्या मर्यादेत, वैयक्तिक परवान्याशिवाय सीबी वापरता येतो. संचाला मात्र केंद्र सरकारच्या वायरलेस शाखेची, म्हणजे डब्ल्यूपीसीची, उपकरण मान्यता हवी. बाहेरचा अँटेना लावण्यापूर्वी अँटेनाबद्दलची अट नियमात आणि संचाच्या मान्यतापत्रात, दोन्हीकडे वाचायची. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला म्हणून लावायचा नाही.

बाहेरून आलेल्या बहुतेक संचांत ४० चॅनल असतात, १ म्हणजे २६.९६५ आणि ४० म्हणजे २७.४०५ मेगाहर्ट्झ. आपली हद्द २७.२८३ ला संपते. चॅनल २७ आहे २७.२७५ वर, तो आत बसतो. चॅनल २८ आहे २७.२८५ वर, तो बाहेर. म्हणजे आपल्या कामाचे चॅनल पहिले २७. अँटेनाचं ट्यूनिंगही याच पट्ट्याच्या मध्यावर, चॅनल १३-१४ च्या आसपास करायचं. परदेशी पुस्तिका १, २० आणि ४० वर मोजायला सांगतात, ते इथे लागू नाही.

या गटाने आधी ऑनलाइन मागवलेले स्वस्त वॉकीटॉकी वापरले होते. त्यातले बरेचसे परवाना लागणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर चालतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये अशा संचांच्या ऑनलाइन विक्रीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांचं कारण हेच. विनापरवाना चालणारे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे छोटे संच हा दुसरा कायदेशीर मार्ग आहे. पण कोणताही संच चालत्या गाडीवर हातात धरून बोलायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरायचं संपर्क उपकरण वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे घातलं आहे. म्हणून बटण हँडलवर, संच बॅगेत.

ऐकू येत नाही, पण ऐकू जातं

तक्रार फक्त ‘पल्ला कमी’ अशी सांगितली गेली होती. चौघांना वेगवेगळं विचारल्यावर चित्र बदललं. ऐरोलीच्या गाडीचं बोलणं बाकीच्यांना साधारण किलोमीटरभर ऐकू येत होतं, थोडं घुमल्यासारखं, पण कळत होतं. तिच्या चालकाला मात्र दोनशे मीटरपलीकडचं काहीच कळत नव्हतं.

हा फरक फार बोलका आहे. पाठवायला आणि ऐकायला अँटेना एकच असतो. तो जितका वाईट पाठवतो तितकाच वाईट ऐकतो. दोन्ही दिशांचा पल्ला सारखाच घटला तर अँटेना, केबल, जोडण्या बघायच्या. बोलणं लांब जातं आणि ऐकू येणं जवळच थांबतं, तर कानाशीच गोंगाट आहे. इथे किलोमीटरभर हा आकडाही बाकीच्या गाड्यांपेक्षा कमी होता. म्हणजे दोन्ही रोग होते, अँटेनाचा थोडा आणि गोंगाटाचा भरपूर.

तरीही सुरुवात अँटेनापासून केली. बेमेळ अँटेनावर बोलत राहिलं तर संचाचा शेवटचा ट्रान्झिस्टर तापून जाऊ शकतो, आणि अँटेना बदलला की गोंगाटाचे आकडेही बदलतात. उलट क्रमाने केलं तर सगळं पुन्हा मोजावं लागतं.

मीटर शून्य दाखवतो, तरी अर्थिंग नाही

एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते सांगणारा मीटर (आदर्श आकडा १), संच आणि अँटेनाच्या मध्ये, अर्ध्या मीटरच्या जोडकेबलने लावला. वाचन आलं: चॅनल १ वर ३.४, चॅनल १३ वर ३.२, चॅनल २७ वर ३.३. ३.२ म्हणजे अँटेनाकडे गेलेल्या शक्तीपैकी सुमारे २७ टक्के परत येते.

इथे घाईने अँटेनाची लांबी बदलायला जाणं ही नेहमीची चूक. लांबीचा दोष असेल तर पट्ट्याच्या एका टोकाला आकडा चढतो आणि दुसऱ्या टोकाला उतरतो. तिन्ही ठिकाणी आकडा तीनच्या वर आणि जवळजवळ सारखाच, याचा अर्थ लांबी नव्हे. केबल तुटली आहे, कुठे शॉर्ट आहे, किंवा अँटेनाला खालचा अर्धा भाग मिळत नाही.

तो खालचा अर्धा भाग म्हणजे काय? २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी ११ मीटर. पाव तरंगाचा अँटेना पावणेतीन मीटरचा व्हायला हवा. मोटरसायकलवर तो सव्वा मीटरचा ठेवून उरलेली कसर आतल्या गुंडाळीने भरून काढतात. असा अँटेना एकटा काम करत नाही, त्याला खाली धातूचं शरीर लागतं. चारचाकीचं छप्पर ते काम आयतं करतं. मोटरसायकलवर चेसिस, इंजिन, कॅरियर आणि बॉक्स मिळून जे काही धातू जमेल तेवढंच. म्हणून गाडी हाच अँटेनाचा अर्धा भाग आहे असं समजून काम करावं लागतं.

फिटरने अँटेनाचा कंस कॅरियरला नटबोल्टने आवळला होता, पण खाली पावडर कोटिंगचा जाड थर तसाच. कॅरियर चेसिसला रबरी बुशवर बसवलेलं. अर्थिंग मिळत नाही हे त्याच्या लक्षात आलं होतं, म्हणून त्याने कंसापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत दीड मीटरची साधी वायर ओढली. मल्टिमीटरने तपासलं, शून्य ओहम. त्याच्या मते विषय संपला.

बॅटरीच्या करंटसाठी ते अर्थिंग उत्तम आहे. २७ मेगाहर्ट्झसाठी नाही. सरळ वायरचं इंडक्टन्स, म्हणजे वेगाने बदलणाऱ्या करंटला अडवण्याचा गुण, मीटरमागे ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री धरलं, तर दीड मीटरला दीड मायक्रोहेन्री. २७ मेगाहर्ट्झवर त्याचा अडथळा सुमारे अडीचशे ओहम होतो. मल्टिमीटर डीसी मोजतो, म्हणून त्याला शून्य दिसतं. रेडिओला अडीचशे दिसतात. मग रेडिओ आपली वाट स्वतः शोधतो: केबलच्या बाहेरच्या जाळीवरून परत संचाकडे, तिथून हेडसेटच्या वायरीत. बाकीच्यांना या चालकाचा आवाज घुमल्यासारखा येत होता, तो यामुळेच. बोलण्याचं बटण दाबलं की त्याच्या स्वतःच्या कानातही बारीक शिट्टी वाजायची.

दुरुस्ती साधी, पण हाताने मन लावून करायची. कंस काढला. कॅरियरवरचा रंग कंसाच्या मापाएवढा खरवडून चकचकीत लोखंड उघडं केलं. कंसापासून चेसिसच्या जवळच्या बोल्टपर्यंत १२ मिलिमीटर रुंदीची, कथील चढवलेली, तांब्याची चपटी विणलेली पट्टी टाकली, लांबी १८ सेंटिमीटर. पट्टी गोल वायरपेक्षा चांगली, कारण रुंद आणि आखूड वाहकाचं इंडक्टन्स कमी. कॅरियरच्या चारही बुशांना वळसा घालून अशाच आखूड पट्ट्या, आणि दोन्ही अ‍ॅल्युमिनियम बॉक्सच्या फ्रेमलाही एकेक. प्रत्येक जोडाला दातेरी स्टेनलेस वॉशर. ठाणे खाडीच्या खाऱ्या हवेत उघडं तांबं थेट अ‍ॅल्युमिनियमवर आवळलं तर एका पावसाळ्यात पांढरी भुकटी धरते. म्हणून कथील चढवलेली पट्टी, मध्ये स्टेनलेस वॉशर, आणि आवळून झाल्यावर जोडावर ग्रीस. ग्रीस आधी नाही. दीड मीटरची वायर काढून टाकली.

दुसरं मोजमाप: चॅनल १ वर १.४, १३ वर १.८, २७ वर २.३. आता हा खरा लांबीचा आलेख. वरच्या चॅनलकडे आकडा चढतो म्हणजे अँटेना लांब आहे. खालच्या चॅनलकडे चढला असता तर आखूड. टोकाचा ट्यूनिंग स्क्रू ३ मिलिमीटरच्या टप्प्यांनी आत घेत नेला, प्रत्येक टप्प्याला तिन्ही चॅनल मोजत. थांबलो तिथे आकडे होते १.६, १.२ आणि १.५. याहून खाली नेण्यासाठी झटण्यात काही हाशील नाही. दीडच्या एसडब्ल्यूआरला परत येणारी शक्ती अवघी ४ टक्के असते.

जागेबद्दल एक सूचना, कारण बाकीच्या तीन गाड्याही इथेच चुकल्या होत्या. दुकानाच्या पत्र्याच्या शेडखाली किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये ट्यूनिंग करू नये. आजूबाजूच्या दहा मीटरमध्ये भिंत, पत्रा, दुसरी गाडी नको. बॉक्स लावलेले, चालक सीटवर बसलेला, पाय जमिनीवर, अशा प्रत्यक्ष स्थितीत मोजायचं. माणसाचं शरीर या अँटेनाच्या इतक्या जवळ असतं की चालक उतरला तरी काटा हलतो. ऐरोलीत एका मोकळ्या मैदानात सकाळी हे काम तासाभरात झालं. ट्यूनिंग करताना बटण दाबून कुणी अँटेनाला हात लावायचा नाही, ४ वॉटलाही बोटाला चटका बसतो.

मुरबाड रस्त्यावर पुन्हा चाचणी केली. बाकीच्यांना ऐरोलीची गाडी आता १.६ किलोमीटरवरून ऐकू येऊ लागली, घुमणं गेलं. तिच्या चालकाला मात्र ऐकू येण्याचा पल्ला दोनशेवरून जेमतेम तीनशे मीटर झाला. अँटेना सुधारला की समोरच्याचा आवाज मोठा येतो, पण आपल्याच गाडीचा गोंगाटही त्याच प्रमाणात मोठा येतो. आता त्याच्याकडे वळायचं होतं.

गोंगाट कुठून येतो

गाडी उभी, चावी बंद, संच बॅटरीवर, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा. सिग्नलची ताकद एस-आकड्यांत दाखवणारी संचावरची पट्टी एस-२ च्या आसपास. हा त्या जागेचा मूळ आवाज. मग एकेक गोष्ट चालू करत गेलो आणि प्रत्येक वेळी पट्टी लिहून ठेवली. चावी चालू, इंजिन बंद: पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची घरघर, मग पुन्हा एस-२. यूएसबी चार्जर, मोबाइल जोडलेला: एस-४. चार्जर बंद करून एलईडी जोडदिवे: सरळ एस-७, सलग फसफस. दिवे बंद करून इंजिन चालू: एस-५, थ्रॉटलसोबत वाढणारी टिकटिक.

प्रत्येक पायरीला अँटेनाची केबल संचातून काढूनही ऐकायचं. केबल काढल्यावर आवाज गेला तर तो हवेतून अँटेनात शिरतो आहे. राहिला तर वीजपुरवठ्याच्या वायरीतून येतो आहे. इथे तिन्ही आवाज केबल काढताच गेले. म्हणजे पुरवठ्याच्या वायरीत फिल्टर टाकून काहीही उपयोग झाला नसता. फिटरने नेमका तोच टाकला होता. पुरवठा तसा योग्यच घेतलेला होता: थेट बॅटरीवरून, टर्मिनलजवळ ५ अँपिअरचा फ्यूज, चावीने चालणारा रिले, आणि दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन इग्निशन कॉइलपासून लांब.

सर्वांत मोठा गुन्हेगार दिवे. एलईडी दिव्याच्या आतलं ड्रायव्हर सर्किट सेकंदाला लाखभर वेळा करंट चालू-बंद करून प्रकाश स्थिर ठेवतं. त्या चालू-बंदचे गुणित २७ मेगाहर्ट्झपर्यंत सहज पोचतात आणि दिव्यापासून स्विचपर्यंतची वायर त्यांचा अँटेना होते. आवाज नक्की कुठल्या वायरीत आहे ते शोधायला एक घरगुती साधन केलं: मीटरभर केबल, एका टोकाला संचाचा प्लग, दुसऱ्या टोकाला ४ सेंटिमीटर व्यासाचे तांब्याच्या वायरचे तीन वेढे. हे संचाला लावून वेढा वायरींवरून फिरवायचा, जिथे फसफस वाढते तिथे उगम. हा वेढा लावलेला असताना बोलण्याचं बटण चुकूनही दाबायचं नाही, म्हणून आधी माइकची पिनच काढून ठेवली.

उपाय फेराइटचा, म्हणजे वायरीतला उच्च फ्रिक्वेन्सीचा गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय सिरॅमिक कड्याचा. प्रत्येक दिव्याच्या दोन्ही वायरी एकत्र पीळ देऊन, दिव्यापासून ५ सेंटिमीटरच्या आत, क्लिपच्या फेराइटमधून तीन फेरे. वायर भोकातून एकदा गेली म्हणजे एक फेरा. फेराइटचा अडथळा फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, तीन फेरे म्हणजे एका फेऱ्याच्या नऊपट. एकाच फेऱ्याचे तीन फेराइट लावण्यापेक्षा मोठ्या भोकाच्या एका फेराइटमधून तीन फेरे घेणं म्हणून केव्हाही सरस. घेताना ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचं मागावं, ते या फ्रिक्वेन्सीला लागू पडतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पुष्कळ ठिकाणी फेराइटवर काहीच लिहिलेलं नसतं. तिथे फसण्यापेक्षा जुन्या मॉनिटरच्या केबलवरचा गोळा कापून लावून बघावा, बहुतेकदा चालून जातो. दिव्यांचं अर्थिंगही आखूड करून थेट चेसिसला दिलं. दिवे एस-७ वरून एस-३ च्या खाली आले.

चार्जरलाही तसेच तीन फेरे दिले, फरक थोडा पडला. शेवटी तो चार्जर काढून धातूच्या कवचाचा दुसरा लावला. काही वस्तूंवर फेराइटची मलमपट्टी करत बसण्यात अर्थ नसतो.

इंजिनाची टिकटिक स्पार्क प्लगची होती. मागच्या सर्व्हिसिंगला रेझिस्टर नसलेला प्लग बसवला गेला होता. रेझिस्टर प्लगच्या क्रमांकात आर हे अक्षर असतं आणि आत साधारण ५ हजार ओहमचा रोध. ठिणगीचा झटका त्याने बोथट होतो, गाडीच्या ओढीवर परिणाम होत नाही. मालकाच्या पुस्तिकेतला क्रमांक रेझिस्टर प्लगचाच होता, तो लावला. प्लगची टोपीही तपासली, तिच्यातला रबर ओलाव्याने भेगाळला होता, तीही बदलली. टिकटिक जवळजवळ नाहीशी झाली.

सगळं चालू असताना पट्टी आता एस-२ आणि एस-३ च्या मध्ये. ऐकू येण्याचा पल्ला तीनशे मीटरवरून दीड किलोमीटरच्या पुढे गेला. हिशोबही जुळतो. एक एस म्हणजे कागदोपत्री ६ डेसिबल, साडेचार एस म्हणजे २७. जमिनीलगत दोन बुटक्या अँटेनांमध्ये सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने पडतो असं ढोबळ धरलं, तर २७ डेसिबलला अंतर पावणेपाचपट मिळतं. तीनशेचे सुमारे चौदाशे. हाती आलं त्याच्या जवळ.

दिघा ते तुर्भे

गाडी दुरुस्त झाल्यावर एक तक्रार उरली आणि ती आता चौघांचीही होती. ठाणे-बेलापूर रस्त्यावर, दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात, मध्येच जोराची गुणगुण यायची. तीन-चार सेकंद, मग शांतता, मग पुन्हा. गट चॅनल १४ वर होता.

चॅनल १४ म्हणजे २७.१२५ मेगाहर्ट्झ. २७.१२० ही औद्योगिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी जगभर राखलेली फ्रिक्वेन्सी आहे, आणि तिची हद्द नेमकी २६.९५७ ते २७.२८३, म्हणजे आपला सीबीचा पट्टाच. प्लास्टिक जोडणारी उच्च फ्रिक्वेन्सीची वेल्डिंग मशिनं यावर चालतात: फायलींची कव्हरं, ताडपत्र्या, रेनकोट. त्यांचा वेल्ड काही सेकंदांचा असतो, मग कारागीर माल सरकवतो, मग पुढचा. गुणगुणीची लय तीच. फिजिओथेरपीची शॉर्टवेव्ह डायाथर्मी मशिनंही याच फ्रिक्वेन्सीवर असतात, त्यामुळे भर वस्तीतही असा आवाज आला तर नवल नाही.

याबद्दल तक्रार करायला जागा नाही. विनापरवाना वापर हा संरक्षणाशिवायचा वापर असतो, पट्टा वाटून घ्यायचा. उपाय म्हणजे मध्यापासून दूर जाणं. गटाने चॅनल ४, म्हणजे २७.००५, मुख्य केला आणि चॅनल २५, म्हणजे २७.२४५, राखीव. जुनी मशिनं तापली की सरकतात, म्हणून राखीव चॅनल दुसऱ्या टोकाचा घेतला. कळव्याच्या वीज उपकेंद्राकडे जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांखालून जाताना दमट हवेत जी करकर येते ती मात्र सगळ्याच चॅनलवर असते. तिथे दोन मिनिटं गप्प बसायचं.

दुपारी कधीकधी परक्या भाषेतले आवाज येतात, ते आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, परतलेले. सूर्यावरील डाग वाढलेल्या वर्षांत ते जास्त ऐकू येतात. स्क्वेल्च थोडा घट्ट केला की पुरे.

पावसाने पुन्हा मुका

ऑगस्टमध्ये माळशेजच्या दोन फेऱ्यांनंतर ऐरोलीच्या गाडीचा पल्ला पुन्हा चारशे मीटरवर आला, या वेळी दोन्ही दिशांना सारखाच. एसडब्ल्यूआर मोजला, तिन्ही चॅनलवर १.३. मालकाला वाटलं अँटेना तर आधीपेक्षाही छान झाला.

हाच सापळा. निरोगी आखूड अँटेनाचा आकडा पट्ट्याच्या टोकांना थोडा तरी चढायलाच हवा. तिन्हीकडे सारखा आणि सुंदर आकडा म्हणजे शक्ती वाटेत कुठेतरी खाल्ली जाते आहे, परत यायलाच उरत नाही. अँटेनाखालचा पीएल-२५९ प्लग उघडला तर आत पाणी. हा प्लग जलरोधक नसतोच. केबलची जाळी १५ सेंटिमीटर आतपर्यंत काळी पडलेली, कारण विणलेली जाळी वातीसारखी पाणी शोषते.

चकचकीत तांबं लागेपर्यंत २० सेंटिमीटर केबल कापली आणि नवा प्लग झाळला, जाळी त्याच्या चारही भोकांतून. ही साधी ५० ओहमची आरजी-५८ केबल असल्यामुळे कापता आली. ‘ग्राउंड प्लेन नको’, म्हणजे खालच्या धातूच्या शरीराची गरज नाही, असं सांगून विकल्या जाणाऱ्या अँटेनाची केबल ठरावीक लांबीचीच असते, ती कापली तर ट्यूनिंग बिघडतं, पूर्ण बदलावी लागते. आणि घरातली टीव्हीची केबल ७५ ओहमची, ती इथे लावू नये. जोडावर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप दुपटीने ताणत, अर्धी अर्धी चढवत, खालून वर गुंडाळली. खालून वर, म्हणजे कौलांसारखे थर पडतात आणि पाणी घरंगळतं. वरून साधी पीव्हीसी टेप. प्लगच्या आधी केबलला खाली झोळ ठेवला, थेंब तिथूनच गळून जातो.

हेल्मेटमधल्या किरकोळ गोष्टी याच वेळी उरकल्या. आवाजाने आपोआप चालू होणारा माइक बंद केला, कारण ताशी ८० किलोमीटरला वारा सतत ‘बोलत’ राहतो आणि चॅनल अडकून बसतो. माइक ओठांना जवळजवळ टेकवून, त्याला स्पंजची टोपी. हेडसेटच्या वायरीला एक फेराइट. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बटणाची वायर ताणली जात नाही ना, ते पाहिलं. बटण दाबून अर्धा सेकंद थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि ‘खड्डा डावीकडे’ मधला खड्डाच जातो. घाटात लीड गाडी पहिल्याच वळणाआड गेली की कातळ सिग्नल अडवतो. तिथे मधल्या गाडीने निरोप मागे सांगायचा हे आधीच ठरवलं. अपघात झाला तर मदत फोनवरून ११२ वर मागायची. परदेशात तातडीसाठी राखलेला चॅनल ९ इथे कुणी ऐकत बसलेलं नसतं.

अँटेनाचं टोक डोळ्याच्या उंचीला येतं, त्याला रबरी बोंड हवंच. त्याच्या बुडाशी स्प्रिंगही लावली, कारण मालकाच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आग विझवण्याचे पाइप इतके खाली आहेत की अँटेना रोज आपटायचा आणि कंसाचा नट सैल व्हायचा. आता नायलॉक नट आहे.

ऑक्टोबरमध्ये सगळे जोड पुन्हा उघडून पाहिले. केबल कोरडी, पट्ट्या स्वच्छ, फक्त उजव्या बॉक्सच्या फ्रेमवरच्या वॉशरखाली पांढरी भुकटी धरायला लागलेली. तो जोड घासून पुन्हा आवळला. एसडब्ल्यूआर १.६, १.२, १.५. बॉक्स काढून मोजल्यावर चॅनल २७ वर १.९. बॉक्सशिवाय गाडी फिरते ती शहरातच, आणि तिथे गट चॅनल ४ वर असतो, म्हणून टोकाचा स्क्रू हलवला नाही.